‘ती आली कुठून?’

(पुण्यातल्या एका ज्येष्ठ नागरिक संघात नेत्रतज्ज्ञ डॉक्टरांनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

आत येण्याआधी मी बाहेर लावलेल्या गाड्या बघत दोन मिनिटं उभी होते. स्कूटर जास्त, चारचाकी थोड्या. त्यांतल्या तीन-चार गाड्यांना एकाच बाजूला ओरखडे दिसले. कोणाच्या आहेत ते मी विचारणार नाही. पण घरी गेल्यावर प्रत्येकाने आपली गाडी एकदा चहूबाजूंनी बघा. ओरखडे सगळीकडून असतील तर ते पुण्याच्या पार्किंगचे. एकाच बाजूला पुन्हा पुन्हा पडत असतील, तर त्या बाजूचं आपल्याला किती दिसतं हे तपासायला हवं.

मी ३५ वर्षं डोळे तपासते आहे, तरी गाडी कधी सोडावी हा विषय मला दवाखान्यात कळला नाही. तो माझ्या वडिलांमुळे कळला.

अण्णा भूगोलाचे शिक्षक. सदाशिव पेठेत घर. ७८ व्या वर्षीही रोज स्कूटर काढायचे. सकाळी दूध, मग सारसबागेत मित्रांबरोबर तासभर, मंगळवारी आणि शुक्रवारी मंडई. त्यांना काचबिंदू होता. थेंब नियमित चालू होते आणि फील्ड टेस्ट, म्हणजे आजूबाजूचं किती दिसतं याची तपासणी, मीच केली होती. दोन्ही डोळे मिळून डावीकडचं बरंच दिसेनासं झालं होतं. त्या तपासणीचा कागद माझ्या टेबलाच्या खणात होता आणि मी दीड वर्ष गप्प बसले. स्कूटर गेली तर त्यांची अख्खी सकाळ जाईल, हे मला दिसत होतं. पुढच्या महिन्यात सांगू, दिवाळी झाल्यावर सांगू, असं चाललं होतं.

मग एका सकाळी डावीकडच्या बोळातून सायकलवर आलेल्या शाळकरी मुलीला त्यांनी धडक दिली. तिचं कोपर सोललं, सायकलचं चाक वाकलं. त्याहून जास्त काही झालं नाही. अण्णा घरी आले तेव्हा हात थरथरत होते. एकच वाक्य ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, “अगं, ती आली कुठून? रस्ता मोकळा होता.”

हे वाक्य मी पेशंटकडून किती वेळा ऐकलं असेल! ‘रिक्षा एकदम समोर आली’, ‘माणूस कुठून उगवला कळलंच नाही’. यात कोणीही खोटं बोलत नसतं. काचबिंदूत काळा डाग दिसतो अशी समजूत आहे, ती चुकीची आहे. जिथलं दिसत नाही ती जागा मेंदू आजूबाजूच्या रस्त्याने, भिंतीने भरून टाकतो. त्यामुळे माणसाला रस्ता खरोखरच मोकळा दिसतो. मधली नजर शेवटपर्यंत शाबूत राहते, पेपर वाचता येतो, सुईत दोरा ओवता येतो. म्हणून ‘मला सगळं स्वच्छ दिसतं’ या बोलण्यावर, ते कितीही मनापासून असलं, तरी गाडी चालवण्याचा निर्णय सोडता येत नाही.

लायसन्सच्या कागदांवरही तो सोडता येत नाही. आपल्याकडे खासगी गाडी चालवायला वरची वयोमर्यादा नाही आणि माझ्या मते ती असूही नये. ८२ व्या वर्षी उत्तम चालवणारे आहेत आणि साठीत धोकादायक झालेलेही आहेत. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर पंचावन्नच्या पुढे लायसन्स पाच-पाच वर्षांसाठी मिळतं. चाळिशीनंतर फॉर्म १-ए वर डॉक्टरची सही लागते. त्यात २५ मीटरवरून गाडीची नंबरप्लेट ओळखता येते का, हा प्रश्न आहे. अण्णांनी ती सहज वाचली असती! आणि सत्तरीनंतर पाच वर्षं हा फार मोठा काळ आहे. त्यात माझ्या व्यवसायातल्या लोकांना ओळखीच्या माणसाचा फॉर्म पुढे आला की चेहऱ्याकडे बघून सही करायची सवय आहे. ती वाईट आहे, हे मी डॉक्टर म्हणून इथे उभी राहून सांगते.

संध्याकाळचं वेगळं. साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांश प्रकाश पोचतो. वर समोरून पांढरा हेडलाईट आला की दिपलेले डोळे सावरायला तरुणपणापेक्षा जास्त वेळ लागतो. ताशी ५० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला १४ मीटर जाते. अर्धा सेकंद उशीर म्हणजे सात मीटर, अडीच रिक्षांची लांबी. उन्हानेही हेच होतं. जानेवारी २०१९ मध्ये ब्रिटनचे प्रिन्स फिलिप सँडरिंगहॅमजवळ मोठ्या रस्त्याला लागताना दुसऱ्या गाडीवर आदळले, तेव्हा ते ९७ वर्षांचे होते. खाली आलेल्या सूर्यामुळे डोळे दिपले, असं त्यांनी लिहून कळवलं. दुसऱ्या गाडीतल्या एका बाईचं मनगट मोडलं, त्याच गाडीत नऊ महिन्यांचं बाळ होतं. पुढच्याच महिन्यात त्यांनी लायसन्स परत केलं. मला वाटतं, ते परत करायला बाळ असलेली गाडी समोर यायला नको होती.

डोळ्यांखेरीजही बरंच असतं. मान पूर्ण वळत नाही. सर्दीची किंवा झोपेची गोळी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत अंगात असते. इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर सिग्नलला उभं असतानाही उतरू शकते. चौकात उजवीकडे वळताना समोरची वाहनं, पायी चालणारे आणि सिग्नल असं सगळं एकदम सांभाळावं लागतं. तिथे गोंधळ व्हायला लागला, किंवा रोजच्या रस्त्यावर ‘आता कुठे वळायचं’ असा प्रश्न पडला, तर तो विसरभोळेपणा म्हणून सोडून देऊ नका. त्याच आठवड्यात डॉक्टरकडे जा.

जपानमध्ये १९९८ पासून आपणहून लायसन्स परत करता येतं. २०१९ च्या एप्रिलमध्ये टोकियोतल्या इकेबुकुरोत ८७ वर्षांच्या चालकाने ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला. एक तरुण आई आणि तिची तीन वर्षांची मुलगी गेली. त्या वर्षी जपानात सुमारे सहा लाख लोकांनी लायसन्स परत केलं. परत करणाऱ्याला तिथे ओळखपत्र म्हणून चालणारा दाखला मिळतो आणि बऱ्याच ठिकाणी बस-टॅक्सीत सवलतही मिळते. म्हणजे फिरणं चालू राहावं याचा विचार आधीच केलेला असतो.

मी घरात तो केला नव्हता. अपघाताच्या संध्याकाळी मी तो कागद अण्णांपुढे ठेवला. त्यांनी तो नकाशासारखा दोन्ही हातांत धरून पाहिला, न दिसणारी बाजू दाखवणाऱ्या काळ्या भागावरून बोट फिरवून पाहिलं. मग वरची तारीख वाचली. म्हणाले, “तुला दीड वर्ष माहीत होतं?” मला उत्तर देता आलं नाही. स्कूटर गेल्याचं त्यांना वाईट वाटलं, पण त्यांना खरं लागलं ते हे.

त्यानंतर आम्ही जे केलं ते आधी करायला हवं होतं. त्यांच्याबरोबर बसून आठवड्यात ते कुठे-कुठे जातात ते लिहून काढलं. सारसबाग पायी जमत होती. मंडईसाठी नाक्यावरच्या एका रिक्षावाल्याशी दोन दिवस ठरवले, कारण जवळचं भाडं ऐन वेळी कोणी घेत नाही. पेट्रोल, विमा आणि दुरुस्तीचे पैसे रिक्षाला पुरतात हा हिशोब अण्णांनीच मांडला. आज तर पंचाहत्तरीनंतर एसटीचा प्रवास राज्यात मोफत आहे.

इथे आलेल्या मुला-सुनांना विनवते, किल्ली लपवू नका आणि चारचौघांत ‘आता वय झालं तुमचं’ म्हणू नका. एकाने, एकट्याने, काही घडायच्या आत बोला. आणि एकदम सगळं बंद करायची गरज नसते. आधी रात्रीची गाडी सोडावी, मग पावसातली, मग हायवेची. काही जण पुढे बरीच वर्षं दिवसा, ओळखीच्या रस्त्याने नीट चालवतात.

मी स्वतः ६६ वर्षांची आहे. पुढच्या वर्षी माझं लायसन्स संपतं. फील्ड टेस्ट मी माझ्या दवाखान्यात करणार नाही, जिथे मला कोणी ओळखत नाही तिथे जाऊन करेन. फॉर्मवर सहीही ओळखीच्या डॉक्टरची घेणार नाही. दर सहा महिन्यांनी एक संध्याकाळ मुलगा शेजारी बसतो आणि मी कर्वे रस्त्याने गाडी चालवते. त्याने थांब म्हटलं की का, हे विचारायचं नाही, असं आमचं ठरलं आहे. ते आम्ही लिहूनही ठेवलं आहे. त्या कागदावर आमच्या दोघांच्या सह्या आहेत आणि तो गाडीच्या कागदपत्रांबरोबरच ठेवला आहे.