झोप लावण्याआधी

[पहाट. वर्धा जिल्ह्यातलं एक गाव. ओसरीवर खाट, कोपऱ्यात कापसाचा ढीग.]

निवेदन:
खाटेवरचे काका साठीतले. कितीतरी वर्षं खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, खाल्ला. जबड्यात सुरू झालेला कॅन्सर आता गळ्यात उतरलाय. रात्रभर दम कोंडतो. उठून बसतात, पुन्हा कलंडतात.

घरी येऊन बघणाऱ्या सिस्टरांना मोठ्या मुलानं दारातच गाठलं. "ताई, बाबाले झोपेचं इंजेक्शन देऊन टाका. पाहवत नाही आता."

सिस्टरांनी आधी मॉर्फिनच्या गोळ्या विचारल्या. चार दिवसांपूर्वीच संपल्या होत्या. तालुक्याला मिळाल्या नाहीत आणि कापूसवेचणीत नागपूरला जाणं झालं नाही. अमली पदार्थांच्या कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाली, मॉर्फिनचे परवाने सोपे झाले. पण या ओसरीवर गोळी नाही, हे खरं आहे.

मॉर्फिन दुखणं शमवतं, श्वासाची घालमेलही कमी करतं. झोपेच्या इंजेक्शनातलं मिडाझोलाम गुंगी आणतं, दुखणं शमवत नाही. दुखण्याचं औषध संपलं म्हणून माणसालाच झोपवायचं, याला मी उपचार म्हणणार नाही. सगळे उपाय थकले, मरण दिवसांवर आलं, तेव्हा त्रास थांबण्यापुरताच गुंगीचा डोस बेताबेतानं वाढवायचा, ही पॅलिएटिव्ह केअरमधली, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात त्रास कमी करण्याच्या उपचारातली, रीत. अशा झोपेनं मरण लवकर येत नाही, असंच बहुतेक अभ्यासांत दिसलंय. जीव घेण्यासाठी दिलेलं इंजेक्शन वेगळं. तिथे हेतूच मरणाचा असतो.

पण विचारायचं कोणाला? मुलगा हळूच म्हणाला, "त्याइले कॅन्सर सांगतला नाही आमी. गाठ हाय म्हनलं."

[धाम नदी, पवनारचा आश्रम.]

याच जिल्ह्यात १९८२ च्या नोव्हेंबरात विनोबांनी अन्न, पाणी, औषध सोडलं. पटो न पटो, निर्णय त्यांचा होता. काकांना मात्र आजाराचं नावही ठाऊक नाही, आणि त्यांची शुद्ध घालवायची की नाही हे दारात ठरतंय. मुलाची माया खोटी नाही. तोही कित्येक रात्री झोपलेला नाही.

[पुन्हा ओसरी.]

सिस्टर डॉक्टरांशी फोनवर बोलल्या, मुलाशी बोलल्या, मग खाटेपाशी बसल्या. गाठ कसली आहे ते सांगितलं. काका बराच वेळ आढ्याकडे पाहत राहिले.

"झोपलो तं उठीन का मंग?"

"काका, आधी दुखण्याची गोळी आणवते. तरी त्रास राहिलाच, तर रात्रीपुरती झोप देता येते. सकाळी बहुतेक जाग येईल. शेवटपर्यंत गुंगीतच राहावं वाटलं, तर ते तुम्ही सांगायचं."

काकांनी मुलाकडे पाहिलं.

"रातच्यापुरतीच द्या. सकाई नातीन येऊन राहिली."