बसचं दार: सुझौ, २४ जून २०२४

[दृश्य: दुपारचं ऊन, रुंद रस्ता, बसथांबा. गाड्यांचा आवाज तसाच राहू द्यावा.]

पूर्व चीनमधलं सुझौ शहर. जुन्या गावातले कालवे आणि बागा पर्यटकांच्या ओळखीच्या. हा भाग मात्र पश्चिमेकडचा, नव्या वसाहतीचा. इथे जपानी कंपन्यांचे कारखाने आले, मागोमाग इंजिनिअर आले, त्यांचे संसार आले आणि मग जपानी शाळा आली. शाळेची बस ठरलेल्या थांब्यांवर मुलं सोडते. हा त्यातलाच एक थांबा. वेळ दुपारी चारच्या आसपासची. २४ जून २०२४ ला इथेच सुरीहल्ला झाला, आणि बसच्या एका मदतनीस बाईने तो अडवला.

[दृश्य: बसचं दार उघडतं. पायरी जवळून.]

चीनमध्ये शाळेच्या बसवर चालकाखेरीज आणखी एक माणूस लागतो. आपल्याकडे मुलं ज्यांना ‘बसच्या मावशी’ म्हणतात, तेच हे काम. हा नियम एका अपघातातून आला. नोव्हेंबर २०११ मध्ये गान्सू प्रांतात बालवाडीच्या नऊ आसनांच्या गाडीत ६४ जण कोंबलेले होते. समोरून आलेल्या ट्रकशी धडक झाली आणि २१ जीव गेले. पाचच महिन्यांत, एप्रिल २०१२ मध्ये, देशभरासाठी नियमावली निघाली.

सोबतच्या माणसाची कामं तिच्यात पाच कलमांत लिहिली आहेत. मुलं चढता-उतरताना आपण खाली उभं राहायचं आणि गर्दी होऊ द्यायची नाही. चालक प्यायलेला दिसला, आजारी वाटला किंवा मुलं जास्त झाली, तर बस हलू द्यायची नाही. डोकी मोजायची, पट्टे लावून द्यायचे, दार बंद झाल्याची खात्री झाली की मगच चालकाला खूण करायची. बस चालू असताना कुणाला जागेवरून उठू द्यायचं नाही. आणि पाचवं: उतरलेली मुलं मोजायची, आत कुणी राहिलं नाही हे पाहायचं, त्यानंतरच स्वतः बस सोडायची.

मोजणी चुकली तर काय होतं, हे या धंद्यातल्या कुणालाही विचारा. मागच्या सीटवर झोपलेलं मूल बंद बसमध्ये राहून जातं. उन्हाळ्यात तेवढं पुरतं.

[दृश्य: दारापाशी उभी असलेली मदतनीस, पाठमोरी. कॅमेरा फुटपाथवरून.]

आता ती उभी कुठे आहे ते पाहा. तोंड मुलांकडे, पाठ रस्त्याकडे. काम नीट करायचं तर असंच उभं राहावं लागतं. थांबा उघडा आहे, वेळ रोजची आहे, आणि दार एकदा उघडलं की शेवटचं मूल उतरेपर्यंत बंद करता येत नाही. बसचा सगळ्यात उघडा क्षण तो हाच. पाच कलमांत सुरीचा उल्लेख कुठेही नाही.

[दृश्य: थांब्याजवळ ठेवलेली फुलं. पांढरी आणि पिवळी शेवंती. १० सेकंद निवेदन नाही.]

२४ जूनला या थांब्यावर एक जपानी आई लहान मुलाला घेऊन बसची वाट पाहत होती. सुरी घेतलेल्या एका माणसाने दोघांवर हल्ला केला. बसच्या मदतनीस हू योपिंग पुढे झाल्या आणि त्यांनी त्याला अडवलं. बसमध्ये शाळेतून घरी निघालेली मुलं होती. त्याने वार वळवले ते हू यांच्यावर. तेवढ्यात रस्त्यावरची माणसं आणि पोलीस धावले, तो पकडला गेला. मायलेकरं वाचली. दोन दिवसांनी, २६ जूनला, हू गेल्या. पन्नाशी ओलांडलेली ही बाई याच जिआंगसू प्रांतातल्या हुआई-आनची.

[दृश्य: लाल मखमलीचं प्रमाणपत्र, सोनेरी अक्षरं. प्रातिनिधिक.]

२८ जूनला सुझौच्या प्रशासनाने त्यांना मरणोत्तर किताब देत असल्याचं जाहीर केलं. किताबाच्या नावातले चार शब्द आहेत ‘जिआन यी योंग वेइ’. योग्य काय ते दिसलं की धाडसाने ते करणं, असा त्यांचा अर्थ. मूळ कन्फ्यूशियसच्या वचनात आहे: योग्य दिसूनही न करणं म्हणजे धैर्य नसणं. आज हा नुसता गौरव राहिलेला नाही, ती एक शासकीय वर्गवारी आहे. तिच्यात बसण्याची मुख्य अट अशी की केलेली गोष्ट तुमच्या कायदेशीर कर्तव्याचा भाग नसावी. पोलिसाने चोर पकडला तर तो यात बसत नाही. हू बसल्या. मुलं मोजणं त्यांचं काम होतं, सुरी अडवणं नव्हतं. कामावर असलेली बाई त्या एका क्षणापुरती वाटसरू ठरली, निदान कागदावर तरी.

चीनमध्ये वाटसरूचा प्रश्न जुनाच दुखरा आहे. २००७ मध्ये याच प्रांतातल्या नानजिंगच्या न्यायालयाने एका तरुणाला भरपाई द्यायला लावली. तो म्हणत होता, मी पडलेल्या म्हातारीला मदत केली. न्यायालयाचा तर्क असा की धक्का दिला नसता तर मदत कशाला केली असती? तेव्हापासून ‘पडलेल्याला उचलावं का’ हा तिथे वादाचा विषय होऊन बसला. ऑक्टोबर २०११ मध्ये फोशानला गाडीखाली आलेल्या दोन वर्षांच्या मुलीजवळून अठरा जण निघून गेले, कॅमेऱ्यात दिसले. पुढे नागरी संहितेत १८४ वं कलम आलं: मदत करताना समोरच्याला इजा झाली तरी मदत करणाऱ्यावर दावा नाही. १ जानेवारी २०२१ पासून ते लागू आहे. हू यांच्या बातमीखाली लोकांनी मेणबत्त्यांची चिन्हं लावली, त्यामागे ही एवढी पार्श्वभूमी होती.

[दृश्य: बीजिंग, जपानी दूतावास. ध्वजस्तंभ.]

त्याच २८ तारखेला बीजिंगच्या जपानी दूतावासाने ध्वज अर्ध्यावर आणला. रीत अशी: ध्वज आधी टोकापर्यंत चढवायचा, मग सावकाश अर्ध्यावर घ्यायचा. एका चिनी बस-मदतनीस बाईसाठी जपानचा ध्वज चीनच्या राजधानीत अर्ध्यावर. वेइबो या चिनी समाजमाध्यमावर हे छायाचित्र फिरलं आणि तिथूनच प्रतिक्रियांना दोन फाटे फुटले. एक कृतज्ञतेचा, फार मोठा. दुसरा लहान पण कर्कश: जपान्यांसाठी मरायची गरज काय होती?

[दृश्य: मोबाईलचा पडदा, वर सरकणारे व्हिडिओ. चेहरे आणि खात्यांची नावं पुसट.]

हा दुसरा फाटा एका दिवसात उगवलेला नाही. जपानी शाळांविरुद्धचा व्हिडिओ बनतो कसा, ते पाहा. शाळेच्या फाटकाबाहेर मोबाईल धरायचा. उंच भिंत, बंद फाटक, कॅमेरे दाखवायचे. मग विचारायचं: इथे चिनी मुलांना प्रवेश का नाही? आत काय शिजतंय? उत्तर कंटाळवाणं आहे. परदेशी मुलांच्या शाळांसाठी चीन सरकारचाच १९९५ चा नियम आहे, त्यांनी चिनी नागरिकांची मुलं घ्यायची नाहीत. उत्तर सांगितलं तर व्हिडिओ चालत नाही, म्हणून ते सांगत नाहीत. पुढची पायरी, शाळेच्या क्रीडादिनाच्या शपथेचा व्हिडिओ उचलायचा आणि खाली खोटी उपशीर्षकं चढवायची. जपानी कळत नसलेल्या माणसाने पडताळायचं कसं? आणि भिंत जितकी उंच तितका संशय जास्त, संशय वाढला की शाळा भिंत आणखी वाढवते. ते दृश्य पुढच्या व्हिडिओला कामी येतं.

जमीन आधीच तापलेली होती. सुझौ जपानी सैन्याच्या हाती पडलं १९ नोव्हेंबर १९३७ रोजी, नानजिंग १३ डिसेंबरला. नानजिंगमध्ये जे हत्याकांड झालं ते इथल्या प्रत्येक मुलाला शाळेत शिकवलं जातं, शिकवायलाच हवं. (याच युद्धात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस चिनी जखमींवर उपचार करत राहिले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले, म्हणून आपल्यालाही ते अगदी परकं नाही.) ऑगस्ट २०२२ मध्ये याच सुझौमधल्या हुआईहाई रस्त्यावर, जपानी उपाहारगृहांच्या गल्लीत, किमोनो घालून फोटो काढणाऱ्या तरुणीला पोलिसांनी ताब्यात घेतलं. ऑगस्ट २०२३ मध्ये जपानच्या फुकुशिमा अणुप्रकल्पातलं प्रक्रिया केलेलं पाणी समुद्रात सोडणं सुरू झालं, तेव्हा चिंगदाओच्या जपानी शाळेवर दगड आला, सुझौच्या शाळेवर अंडी.

[दृश्य: हुआईहाई रस्ता, संध्याकाळ, जपानी कंदील.]

घटनेनंतर २५ जूनला चीनच्या परराष्ट्र मंत्रालयाने हल्ल्याला तुरळक, योगायोगाने घडलेली घटना म्हटलं. प्रवक्त्या माओ निंग पुढे हेही म्हणाल्या की हू यांच्या कृतीत चिनी माणसाचं धैर्य आणि चांगुलपणा दिसतो. त्या आठवड्याच्या अखेरीस टेन्सेंट, नेटईज, वेइबो या चिनी इंटरनेट कंपन्यांनी एकामागून एक सूचना काढल्या: चीन-जपान वैर भडकवणारा, टोकाचा राष्ट्रवाद पेटवणारा मजकूर काढला, खाती बंद केली. हीच खाती आधी त्याच मंचांवर होती. झाडू हातात आला तो हू गेल्यानंतर.

[दृश्य: न्यायालयाची इमारत, बाहेरून. मग शेनझेन शाळेच्या फाटकाशी फुलं.]

सुझौच्या हल्लेखोरावरच्या खटल्याचा निकाल २३ जानेवारी २०२५ रोजी लागला: मृत्युदंड. न्यायालयाने कारण दिलं कर्ज आणि जगण्याचा उबग, निकालात जपानचं नाव नव्हतं. एप्रिलमध्ये शिक्षा अमलात आली. त्याआधीच, १८ सप्टेंबर २०२४ रोजी, शेनझेनमध्ये जपानी शाळेकडे चाललेल्या दहा वर्षांच्या मुलावर सुरीहल्ला झाला, दुसऱ्या दिवशी तो गेला. जपान सरकारने चीनमधल्या शालेय बसवर सुरक्षारक्षक नेमायला निधी काढला. ३१ जुलै २०२५ रोजी सुझौच्या मेट्रो स्थानकात मुलासोबत असलेल्या एका जपानी बाईवर पुन्हा हल्ला झाला.

[दृश्य: थांबा. बस येते. आधी रक्षक उतरतो, रस्त्याकडे तोंड करून उभा राहतो. मग मदतनीस उतरते, मुलांकडे तोंड. ती बोटांनी मोजते. निवेदन नाही. बस निघेपर्यंत चालू द्यावं.]