टाक्याजवळची गाठ

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात हडपसरहून एक बाई दवाखान्यात आल्या. पर्समधून त्यांनी घडी घातलेलं भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. त्यावर दुधाचे खाडे, सिलिंडरची तारीख आणि दर महिन्याला तीन-चार दिवसांवर पेनानं मारलेल्या फुल्या. "या दिवशी इथं दुखतं," म्हणत त्यांनी सिझरच्या व्रणाच्या उजव्या टोकावर बोट ठेवलं. हाताला लिंबाएवढी टणक गाठ लागली. सलवारची नाडी घासली तरी कळ यायची. स्पीडब्रेकर आला की गाडी थांबवून उतरावंसं वाटायचं.

सिझरला चार वर्षं झालेली. मधल्या काळात कुणी टाक्यात पू झाला म्हणालं, कुणी हर्निया. मी पाळीच्या तारखा विचारल्या. फुल्या नेमक्या त्याच दिवसांवर होत्या.

याला स्कार एंडोमेट्रिओसिस म्हणतात. गर्भाशयाचं अस्तर महिनाभर जाड होत जातं आणि पाळीत गळून पडतं. सिझरमध्ये गर्भाशय उघडल्यावर त्या अस्तराच्या काही पेशी पोटाच्या जखमेत अडकून तिथंच रुजू शकतात. पुढे हॉर्मोन्सच्या तालावर त्याही सुजतात, रक्त सोडतात. पण त्या रक्ताला बाहेर पडायला वाटच नसते. शंभर सिझरमागे एखादीलाही हे होत नाही, आणि झालं तरी बहुतेकदा काही वर्षांनी कळतं. काहींना पाळी नसतानाही ठणकतं, तिथं आम्हीही चकतो.

सोबतच्या सासूबाई म्हणाल्या, "बाळंतपणानंतर हंडे उचलायची, म्हणून झालं का?" नाही हो. सिझर वाईट केलं असंही नाही, काळजी घेऊनही हे होतं.

सोनोग्राफीत गाठ दिसते, खोली नीट कळायला कधी एमआरआय लागतो. गोळ्या-इंजेक्शनांनी दुखणं दबतं, बंद केली की बहुधा परत येतं. खरा इलाज म्हणजे भोवतीच्या साधारण एक सेंटीमीटर निरोगी भागासकट गाठ काढणं. स्नायूवरच्या आवरणाला मोठं भोक पडलं तर जाळी बसवावी लागते. गाठ तपासणीला पाठवतोच. कॅन्सर निघणं अतिशय दुर्मीळ.

या बाईंची गाठ कापली तेव्हा आत जुन्या रक्ताचे चॉकलेटी ठिपके होते. दुसऱ्या दिवशी मोबाइलवर फोटो दाखवला. बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "एवढीशीच?"