दुपार मुलांची आहे

आजच्या भाषणासाठी मला कळवलेला विषय ‘उन्हाळी सुट्टीचा सदुपयोग’ असा होता. त्यातला ‘सदुपयोग’ मी बाजूला ठेवणार आहे. तो शब्द ऐकला की आपण आई-वडील लगेच वेळापत्रक आखायला बसतो, आणि मला आज वेळापत्रकाबद्दल बोलायचं नाही. मला दुपारीबद्दल बोलायचंय. एप्रिलमधली, अकरा ते चारची, दार लोटून घेतलेली दुपार.

मी ३१ वर्षं मराठी प्राथमिक शाळेत शिकवलं. आधी खानापूर तालुक्यात, जंगलाकडच्या गावांत, आणि नंतर बेळगावच्या आसपास. शाळा उघडली की पहिल्या दिवशी मी पहिली-दुसरीच्या मुलांना एवढंच विचारायची, “सुट्टीत काय केलंस?” काही मुलं म्हणायची, “मज्जा केली, बाई.” पुढे काही नाही. आणि एखादी मुलगी सुरू व्हायची ती थांबायचीच नाही. करवंदं काढताना काटा कसा लागला, चीक हाताला कसा चिकटला, तो घालवायला आजीनं गोडं तेल कसं लावलं, मग द्रोणात करवंदं घालून रस्त्यावर विकायला आईबरोबर कशी बसली. त्या मुलीला वर्षभर मराठी शिकवायला मला कष्ट पडायचे नाहीत. मराठी तिच्याकडे होतीच, मी फक्त अक्षरं द्यायची.

माझं सगळं म्हणणं ह्या दोन उत्तरांमधल्या फरकाबद्दल आहे.

आपल्या भागाची एक अडचण आहे, ती पुण्या-मुंबईच्या माणसाला सांगूनही कळत नाही. आपल्या शाळांना कर्नाटकाचं वेळापत्रक. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सुट्टी लागते आणि मेच्या शेवटी शाळा उघडते. माझी धाकटी बहीण चंदगड तालुक्यात दिलेली. उचगाव ओलांडून शिनोळीला गेलं की राज्य बदलतं, बसनं अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता. पण तिच्या नातवंडांची सुट्टी मेच्या सुरुवातीला लागते आणि जूनच्या मध्यापर्यंत चालते. म्हणजे आमची मुलं एप्रिलभर एकटी, आणि तिची मुलं सुट्टीच्या भरात आली की आमच्या मुलांना वह्यांना कव्हरं घालायची वेळ येते. मामाच्या गावाला जायचं म्हटलं तरी मामेभावाची परीक्षा चालू असते. सगळी भावंडं एका छपराखाली येतात ती मेमधले तीन-चार आठवडे. ते आठवडे लग्नकार्यांत आणि गावच्या जत्रांत निघून जातात. म्हणून मी घरोघरी सांगते, ते दिवस आधी ठरवून ठेवा. फोन करा, पोरांना बोलावून घ्या, आपली तिकडं पाठवा. बाकी सगळं नंतर.

उरला एप्रिल. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंचीवर आहे, त्यामुळं आपल्याकडे संध्याकाळी वारं सुटतं आणि जीव निवतो. पण आपला खरा उन्हाळा एप्रिलचाच. मेमध्ये वळीव पडायला लागला की उष्मा थोडा मोडतो. म्हणजे मुलं एकटी असतात तेव्हाच ऊनही सगळ्यांत कडक असतं. पूर्वी मातीच्या भिंती आणि खापरीची घरं होती, दुपारी माजघरात गारवा असायचा. आता वर स्लॅब. तो दिवसभर तापतो आणि रात्री आपल्या अंगावर ऊन सोडतो. मुलं किरकिरी होतात, आई दमलेली असते, आणि हातात मोबाईल दिला की घर शांत होतं. मी कुठल्याही आईला ह्यासाठी दोष देणार नाही. वडगाव-खासबागेत मागावर बसणाऱ्या बायका मी पाहिल्यात. एक पाय पाळण्याच्या दोरीला, कान मागाच्या आवाजाला. उद्यमबागेत फाउंड्रीच्या भट्टीपाशी पाळी करून आलेल्या बापाला दुपारी झोप लागणारच. त्यांना ‘मुलांना वेळ द्या’ असं व्यासपीठावरून सांगणं मला पटत नाही.

पण घरात जे काम चाललंय, त्यात मुलाला ओढून घ्यायला वेगळा वेळ लागत नाही. कुरडयांचं घ्या.

गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं. पहिल्या दिवशी मुलाला त्या भांड्यात हात घालू द्या. दुसऱ्या दिवशी वास बदललेला असतो, तो नाक मुरडतो, मग आपण सांगतो की गहू आंबतोय. चौथ्या दिवशी वाटायचे, कोंडा वेगळा करायचा, चीक गाळून ठेवायचा. सकाळी वर निवळ आलेली असते, ती हलक्या हातानं काढायची. मग मीठ-हिंग घालून शिजवायचा, सारखं हलवत, गुठळी होऊ द्यायची नाही. सोऱ्यात भरायचा तो गरम गरमच, गार झाला की दाबता येत नाही. आता ह्यात किती शब्द आले बघा. भिजवणं, आंबणं, वाटणं, गाळणं, चीक, कोंडा, निवळ, गुठळी, सोऱ्या. सहा वर्षांच्या मुलाला हे मी फळ्यावर लिहून शिकवायला गेले तर महिना जाईल आणि पुढच्या महिन्यात तो विसरेल. हाताला चीक लागलेला मुलगा ‘चीक’ हा शब्द विसरत नाही. करवंदाचा चीक वेगळा आणि गव्हाचा वेगळा, हे त्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. आणि शेवटचं, सगळ्यांत मोठं काम त्याचंच असतं. माडीवर छत्रीच्या सावलीत बसून कावळे हाकायचे.

आमच्या गल्लीत गच्चीला गच्ची लागून आहे. पलीकडची गच्ची कानडी घराची. तिथल्या बाई माझ्याहून मोठ्या, आमची मुलं त्यांना अज्जी म्हणतात आणि मला आजी. दोन वेगळी माणसं, दोन वेगळे शब्द, पोरांचा कधी घोटाळा झाला नाही. आम्ही सांडगे घालतो, त्या संडिगी घालतात. आमच्या शेवया, त्यांची शाविगी. आमचे पापड मात्र त्यांचे हप्पळ. माझी सात वर्षांची नात एका दुपारी विचारायला लागली, “आजी, सांडगे आणि संडिगी सारखंच आहे, मग पापडाला त्या वेगळं का म्हणतात?” भाषेच्या अभ्यासकाला पडावा असा प्रश्न सात वर्षांच्या पोरीला पडला, कारण दोन्ही वस्तू एकाच उन्हात तिच्यासमोर वाळत होत्या. मी तिला सांगितलं की आपला अण्णा, आपली अक्का, आपलं तूप हेसुद्धा मूळचे कानडी. बेळगावचे मांडे सगळीकडे नावाजलेले, त्यांना त्या मंडिगी म्हणतात. मग ती आठवडाभर घरातल्या वस्तू धरून विचारत सुटली, “हे कुणाचं? आणि हे कुणाचं?”

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांच्या सीमा आखल्या गेल्या, त्याबद्दल ह्या सभागृहातल्या प्रत्येकाच्या मनात काय आहे ते मला ठाऊक आहे, माझ्याही मनात आहे. आपल्या मुलांना मराठी शाळा मिळावी, मराठीत कागद मिळावेत, ह्यासाठी माझ्या आधीच्या पिढीनं लाठ्या खाल्ल्यात. त्याचं मोल मी कमी करत नाही. पण मी शिक्षिका म्हणून बघितलेलं सांगते. ज्या मुलाची घरची भाषा भरलेली होती, त्याला कानडी अंगणात खेळता खेळता आली आणि इंग्रजीही पुढे आली. ज्या मुलाची घरचीच भाषा अर्धी राहिली, त्याला तिन्ही जड गेल्या. आज मला काळजी वाटते ती घरात मुलांशी तुटक इंग्रजी बोलण्याची. ‘कम’, ‘सिट’, ‘ईट फास्ट’. आईला स्वतःला त्या भाषेत शंभर-दोनशे शब्द येतात, आणि तेवढ्यावरच ती मुलाला वाढवते. त्या मुलाला राग आला, भीती वाटली, पोटात दुखलं, कुणाची आठवण आली, तर तो कुठल्या शब्दांत सांगणार? तुमच्याकडे जी भाषा पोटभर आहे ती त्याला द्या, हात आखडता घेऊ नका.

तान्ह्या मुलांबद्दल सांगायलाच हवं, कारण समोर मांडीवर बाळं घेतलेल्या मुली दिसताहेत. उन्हाळ्यात घराघरांत आजी म्हणते, “लेकराला घोटभर पाणी पाज.” मी स्वतः माझ्या सुनेला हे म्हटलं होतं आणि माझंच चुकलं होतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला उन्हाळ्यातही वरचं पाणी लागत नाही. आईच्या दुधात ते असतं, फक्त जास्त वेळा पाजायचं आणि आईनं स्वतः भरपूर पाणी, ताक प्यायचं. मोठ्या मुलांना जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर मीठ-साखरेचं पाणी: एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, त्याच चमच्यानं अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ अंदाजानं टाकू नका, जास्त झालं तर अपाय होतो. मूल मलूल पडलं, लघवी कमी झाली, डोळे खोल गेले, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका, दवाखाना गाठा. रोजच्यासाठी नाचणीची आंबील, ताक, पन्हं. ह्याहून चांगलं मुलाच्या पोटात जाणारं बाटलीतून विकत मिळत नाही.

आणि विहिरी. हे बोलताना माझा आवाज चढला तर समजून घ्या. खानापुरात असताना माझ्या वर्गातला एक मुलगा सुट्टीत गेला तो परत आला नाही. चौथीचा होता. चार मित्र मिळून दुपारी पोहायला गेले होते, घरी कुणाला सांगितलं नव्हतं. जूनमध्ये मी हजेरी घेताना त्याचं नाव तोंडातून निघून गेलं आणि सगळा वर्ग गप्प झाला. आपल्या भागातली पोरं विहिरीतच पोहायला शिकतात, पाठीला डबा बांधून, काका नाहीतर थोरला भाऊ काठावर उभा राहून. शिकू द्या, जरूर शिकू द्या. पण काठावर पोहता येणारं मोठं माणूस हवं, रोज, दरवेळी. ‘पोरं पोरं गेली’ हे मला आता ऐकवत नाही.

संध्याकाळबद्दल मला फार सांगायचं नाही, ती मुलं स्वतःच सांभाळतात. अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी, वैशाख शुद्ध द्वितीयेला आपल्याकडची शिवजयंती आणि दुसऱ्या दिवशी बसवजयंती. त्या आठवड्यात पोरांना घरात ठेवणं कुणाला जमलंय? चित्ररथावर मावळा होऊन उभं राहायचं म्हणून माझ्या नातवानं गेल्या वर्षी आठ दिवस फेटा डोक्यावरून उतरवला नव्हता. मिरवणुकीत उशिरापर्यंत जागू द्या. मात्र रथापुढचे मोठे कर्णे चालू असतील तिथं लहानग्यांना कानापाशी उभं करू नका.

दुपारीकडे परत येते. कुरडया रोज नसतात. मग फरशीवर खडूनं पाच बाय पाच घरं आखायची, चार चिंचोके फोडून घ्यायचे आणि चौकाबारा मांडायचा. गजगे असले तर गजगे. आजी-आजोबा असतील तर त्यांना बसवा, त्यांना हे सगळं येतं, फक्त कुणी विचारलेलं नसतं. आणि काही दुपारी काहीच करू नका. मुलगा “मला कंटाळा आलाय” म्हणत घरभर फिरेल. फिरू दे. तासाभरानं तो मुंग्यांची रांग बघत बसलेला सापडेल, नाहीतर जुन्या खोक्याची बस करून बेळगाव-खानापूर-बेळगाव अशा फेऱ्या मारत असेल, आणि कंडक्टरची कानडी बोलत असेल. मोबाईल हातात असता तर त्या कंटाळ्यापर्यंत तो पोहोचलाच नसता.

मागच्या मेमधली एक दुपार सांगते. सकाळी कुरडया घातल्या होत्या, चार साड्या भरून. चंदगडची मुलं आलेली, म्हणून राखणीला फौज होती. तीनच्या सुमाराला मी आत पडले होते. राजहंसगडाच्या बाजूनं आभाळ कधी भरून आलं ते मला कळलं नाही. पलीकडच्या गच्चीवरून अज्जी ओरडल्या, “मळी बंतु! मळी बंतु!” आणि माझी नात जिन्यावरून धावत खाली, तसंच्या तसं ओरडत, “आजी, मळी बंतु, कुरडया काढ!” चंदगडच्या पोरांना ‘मळी’ म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. पण डोक्यावर टपोरा थेंब पडला आणि कळलं. दोन पोरं आमच्या साड्या गुंडाळत होती, दोन कठडा ओलांडून अज्जींची शाविगी आत नेत होती, आणि सगळ्यांत धाकटा मधोमध उभा राहून गारा वेचत होता. एक साडी भिजलीच. त्या ओल्या कुरडयांची रात्री कांदा घालून भाजी केली, आणि एक वाटी कठड्यावरून पलीकडे गेली.