पदवी साखळीवर चढण्याआधी

मंडळी, बोगस पदवी रोखायची म्हटलं की होलोग्राम, वॉटरमार्क आणि उठावाचा शिक्का यांवर चर्चा होते. ही सगळी छापखान्याची कामं आहेत, आणि छापखाना नकल करणाऱ्यालाही मिळतो. ब्लॉकचेनकडे, म्हणजे एकदा लिहिलेली नोंद गुपचूप बदलता येत नाही अशा सामायिक नोंदींच्या साखळीकडे, लोक वळले ते यामुळेच. २०१७ मध्ये एमआयटीने १११ पदवीधरांना बिटकॉइनच्या साखळीवर नोंद असलेली डिजिटल पदवी घेण्याची सोय दिली. डिसेंबर २०२१ मध्ये आयआयटी कानपूरने दीक्षान्त समारंभात ब्लॉकचेनवर आधारलेल्या पदव्या दिल्या. तेव्हापासून प्रत्येक सभागृहात एकच प्रश्न येतो : साखळी हॅक होईल का? मला त्याहून जास्त काळजी परीक्षा विभागात नाव कसं टंकलं जातं याची वाटते.

‘कऱ्हाडकर’ हे आडनाव घ्या. त्यातला अर्धा र संगणकावर तीन प्रकारे लिहिता येतो. एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त. दोन, साधा र, त्याखाली नुक्ता म्हणजे टिंब आणि हलन्त. तीन, साधा र, हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारं शून्य-रुंदीचं जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही हुबेहूब सारखी दिसतात, पण आतले बाइट वेगळे. साखळीवर नोंदवतात तो हॅश, म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेला ठसा. तो काढणारं एसएचए-२५६ हे सूत्र बाइट पाहतं, अक्षर पाहत नाही. एक बाइट बदलला की ६४ अंकी हॅश पार वेगळा येतो. युनिकोड या अक्षरांच्या संगणकीय प्रमाणाचं एनएफसी सामान्यीकरण (अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करण्याची रीत) पहिले दोन प्रकार एक करतं, तिसऱ्याला हात लावत नाही. शिवाय कित्येक वेब फॉर्म ते अदृश्य चिन्ह गुपचूप गाळून टाकतात.

याचा फटका कुणाला? पडताळणीच्या पानावर नाव आणि वर्ष टाकून हॅश काढण्याची सोय असेल, तर खऱ्या पदवीधारकाला ‘नोंद जुळत नाही’ असं उत्तर येतं. नोकरी देणाऱ्याच्या लेखी तो बोगस. वऱ्हाडे, कुऱ्हाडे, गोऱ्हे, सगळ्यांची हीच गत. सॉफ्टवेअरच्या निविदेत सर्व्हरची क्षमता लिहितात, पण नावासाठी कोणतं अक्षररूप प्रमाण धरायचं हे कुणी लिहीत नाही. ही मला खरोखर गंभीर चूक वाटते. उपाय साधा आहे : अक्षररूप आधी ठरवा, सगळा डेटा त्यात आणा, विद्यार्थ्याकडून नाव तपासून घ्या, मगच हॅश काढा. आणि पडताळणी नेहमी मूळ फाइलवरच करा. स्कॅन केलेली प्रत कधीच जुळणार नाही.

वेळेची चिठ्ठी आली आहे, म्हणून प्रत्यक्ष रचना भराभर सांगतो.

प्रत्येक पदवीत यादृच्छिक अंक मिसळून हॅश काढायचा, नाहीतर नाव आणि वर्षाचे अंदाज बांधून कुणीही तो हुडकेल. हॅश दोन-दोन जोडून त्यांचा नवा हॅश काढत, शेवटी एकच उरेपर्यंत मर्कल वृक्ष बांधायचा. ५,००० पदव्यांचा एकच ३२ बाइटांचा मूळ-हॅश होतो आणि तेवढाच, एका व्यवहारात, साखळीवर जातो. ती पदवी त्या वृक्षात आहे याचा जास्तीत जास्त १३ हॅशचा पुरावा विद्यार्थ्याच्या फाइलसोबत राहतो. नाव किंवा गुण साखळीवर कधीही टाकू नका, तिथून काही पुसता येत नाही.

चाचणी-साखळीवर खऱ्या पदव्या नोंदवू नका. इथेरियम या ब्लॉकचेनची रॉप्स्टेन ही चाचणी-साखळी २०२२ अखेरीस बंद झाली. विद्यापीठाच्या डिजिटल सहीची खाजगी किल्ली, म्हणजे सही करणारी गुप्त संख्या, एकाच अधिकाऱ्याच्या लॅपटॉपवर नको. तीनपैकी दोन सह्या लागतील अशी व्यवस्था करा. सही तपासण्याची सार्वजनिक किल्ली विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ठेवता, तर डोमेन बदलल्यावर जुना पत्ताही चालू ठेवा. नाव दुरुस्त झालं किंवा पदवी रद्द झाली, तर जुनी नोंद रद्द-यादीत घाला, नवी पुढच्या तुकडीत काढा. पडताळणीचं पान ती यादी दर वेळी वाचतं याची खात्री करा.

आणि विद्यापीठानेच पैसे घेऊन पदवी दिली असेल, तर तिची नोंद साखळीवर बिनचूक जुळेल. ती चोरी पकडायला हजेरीपट, उत्तरपत्रिका आणि गुणांची नोंदवहीच उघडावी लागते.