सावली पायाखाली

[दृश्य : बेळगावजवळच्या येळ्ळूरचं शिवार, मागे राजहंसगड. मातीत रोवलेली एक काठी.]

दुपारचे साडेबारा. मे महिन्याचा पहिला आठवडा. काठी सरळ उभी आहे, पण तिची सावली शोधून सापडत नाही. बेळगावचा अक्षांश १५.८५ उत्तर. त्यामुळे मेच्या सुरुवातीला आणि पुन्हा ९-१० ऑगस्टच्या आसपास सूर्य इथं बरोब्बर माथ्यावर येतो. ऑगस्टात आभाळ भरलेलं असतं, कुणाच्या ध्यानात येत नाही. मेमध्ये मात्र धूळवाफ पेरणीसाठी, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीतल्या पेरणीसाठी, रानं तयार करायची घाई, आणि माणसं नेमकी याच वेळी बांधावर.

सूर्य माथ्यावर, आणि माथ्यावरचे केस विरळ झालेले.

[दृश्य : गावातलं सलून. खुर्चीत पन्नाशीचे गृहस्थ.]

"मामा, कोंडा न्हवं हा. टाळू भाजलीया की तुमची!"

मामा आठवडाभर तेल चोळत होते. चूक त्यांची नाही. गोऱ्या कातडीवर लाली लगेच दिसते, आपल्या सावळ्या कातडीवर ती उठून दिसत नाही. उन्हातून आल्यावर काही तासांनी टाळू चुरचुरायला लागते, रात्री डोकं उशीला टेकवत नाही, आणि चार दिवसांनी पापुद्रे सुटतात. कंगव्यात आले की कोंडाच वाटतो.

"कसलं ऊन ते, वारं सुटलंय की!" हे वाक्य इथं घरोघरी ऐकू येतं. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर, हवा थंड. पण कातडी भाजतात ते अतिनील किरण, आणि वाऱ्याला ते अडत नाहीत. वारा फक्त घाम वाळवतो. चटका जाणवला नाही की माणूस आणखी तासभर उन्हात थांबतो. पातळ ढगांतूनही हे किरण खाली येतात.

[दृश्य : बांधावर बसलेले आजोबा टोपी काढतात. कपाळावर सरळ रेघ.]

ही रेघ बघा. खाली तांबूस काळपट कपाळ, वर फिकट टाळू. पन्नास वर्षं गांधी टोपीनं राखलेली. कान आणि मान मात्र टोपीबाहेरच राहिले. आणि आजोबांचा नातू? तो कॅप घालतो, तीही उलटी. मागच्या पट्ट्यावरची अर्धगोल फट कपाळावर येते. उतरत्या केसांच्या जागी भाजल्याचा तसाच अर्धचंद्र उमटतो. कॅपपेक्षा चारी बाजूंनी चांगली चार बोटं काठ असलेली टोपी बरी.

टॉवेलचंही एक सांगायला हवं. भिजवून डोक्यावर टाकला की गार वाटतं, पण ओल्या पांढऱ्या सुती कापडातून किरण कोरड्यापेक्षा जास्त आरपार जातात. कापड उजेडाकडे धरून बघा. पलीकडचं दिसलं, तर त्यातून ऊनही येणार. दाट विणीचा, गडद रंगाचा पटका यात उजवा.

बायकांचं दुखणं वेगळं. भांगलणीला वाकलेली बाई पदर घेते, तो घसरतो, आणि रुंदावलेल्या भांगाची रेघ उघडी पडते. भांगलणीत भांगच भाजतो म्हणा ना! भांग रोज थोडा सरकवला तरी एकाच जागेचा भार हलका होतो.

[दृश्य : तळहातावर जेल.]

सनस्क्रीनची क्रीम केसांत चिकटते, म्हणून विरळ केसांसाठी जेल किंवा स्प्रे. एसपीएफ, म्हणजे उन्हापासून बचावाचा डबीवरचा आकडा, ३० किंवा त्याहून जास्त. बोटांनी केस बाजूला करून थेट कातडीवर, घराबाहेर पडायच्या पंधरा मिनिटं आधी. कानांचे शेंडे विसरू नका. दर दोन तासांनी पुन्हा, घाम आला तर त्याआधीच. खोबरेल तेलावर यासाठी भिस्त ठेवू नये.

भाजलंच तर गार पाण्याची पट्टी, कोरफडीचा गर. फोड आले तर फोडायचे नाहीत. टाळूवरचा खरखरीत चट्टा किंवा जखम महिनाभर भरत नसेल, तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवायचं.

मामांना आम्ही जेल दिलं. त्यांनी बोटभर घेतलं, वास घेतला, आरशात बघितलं.

"एवढं लावून रानात गेलो तर बैलं वळखायची न्हाईत मला."

मग त्यांनी निळा पटका डोक्याला गुंडाळला, कानांवरून ओढून घेतला. बाहेर काठीची सावली पूर्वेला बोटभर सरकली होती.