टर्म कुठे म्हणायचं, टेन्युअर कुठे?

नमस्कार मंडळी! आज एकच इंग्रजी शब्द घेऊया, टर्म. शाळेत फर्स्ट टर्म, बँकेत टर्म डिपॉझिट, विम्यात टर्म प्लॅन, बातम्यांत नगरसेवकाची दुसरी टर्म. शब्द रोजच्या कानावरचा आहे, पण इंग्रजीत वाक्य लिहायला बसलं की टेन्युअर, स्टिंट आणि टर्म यांची सरमिसळ होते. मुलाखतीला जाणाऱ्या मुलांच्या अर्जात तर ती हमखास दिसते.

टर्म आला लॅटिनमधल्या टर्मिनस या शब्दावरून. टर्मिनस म्हणजे हद्द. सीएसएमटीला जिथे रूळ संपतात, तिथला टर्मिनस तोच. म्हणून टर्म म्हणजे ज्याचा शेवट सुरुवातीलाच ठरलेला आहे असा काळ. हे एवढं पक्कं धरा. टर्म डिपॉझिट मुदतीआधी मोडता येतं, पण मुदत पावतीवर पहिल्या दिवसापासून छापलेली असते. टर्म इन्शुरन्समध्ये ठरलेल्या वर्षांच्या आत मृत्यू झाला तरच वारसांना रक्कम मिळते. ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाला डॉक्टर प्रीटर्म म्हणतात, तेही याच हिशेबाने.

आता टेन्युअर. माणूस पदावर प्रत्यक्षात किती काळ राहिला, ते टेन्युअर. लोकसभेची टर्म पाच वर्षांची. पण १९९६ मध्ये अटलबिहारी वाजपेयींचं सरकार १३ दिवसांत गेलं. तिथे 'हिज थर्टीन-डे टेन्युअर' लिहायचं, टर्म नाही, कारण १३ दिवस कुणी आधी ठरवले नव्हते. उलट, देवेंद्र फडणवीस २०१४ ते २०१९ सलग मुख्यमंत्री राहिले, तिथे 'ही कम्प्लीटेड अ फुल टर्म' हेच चपखल. वसंतराव नाईकांनंतर महाराष्ट्रात हे जमलेले ते दुसरेच.

मिडटर्म हा शब्द मला फार आवडतो, कारण दोन देशांत तो दोन वेगळ्या गोष्टी सांगतो. आपल्याकडे मिडटर्म पोल म्हणजे मध्यावधी निवडणूक, सभागृह मुदतीआधी विसर्जित झाल्यामुळे लागलेली. १९७१ ची लोकसभा निवडणूक अशीच, वर्षभर आधी आलेली. अमेरिकेत मात्र मिडटर्म्स दर वेळी ठरल्याप्रमाणेच होतात, राष्ट्राध्यक्षांच्या चार वर्षांच्या टर्मच्या मधोमध. त्यामुळे अमेरिकेच्या बातमीत हा शब्द वाचून 'सरकार पडलं वाटतं' असं समजू नका. तिथे राष्ट्राध्यक्षाला दोनदाच निवडून येता येतं. फ्रँकलिन रूझवेल्ट चार वेळा निवडून आले, त्यानंतर १९५१ मध्ये घटनादुरुस्तीने ही मर्यादा घातली गेली.

स्टिंट थोडक्यात सांगते. मधेच काही काळ केलेलं काम म्हणजे स्टिंट, मग त्याचा शेवट आधी ठरलेला असो वा नसो. बायोडेटात 'अ शॉर्ट स्टिंट ॲट अ बँक' छान शोभतं. तिथे टर्म लिहिलंत, तर वाचणाऱ्याला वाटेल तुम्ही बँकेवर निवडून आला होतात.

वाक्यरचनेकडे नीट लक्ष द्या, गुण इथेच जातात. 'फाइव्ह इयर्स टर्म' चूक. 'फाइव्ह-इयर टर्म' बरोबर, मधे जोडरेघ, इयरला एस नाही. नाहीतर 'अ टर्म ऑफ फाइव्ह इयर्स', इथे एस हवाच. क्रियापद सर्व्ह: 'शी सर्व्ड टू टर्म्स ॲज सरपंच'. तुरुंगवासालाही हेच क्रियापद चालतं, 'सर्व्हिंग अ प्रिझन टर्म'. 'इन द लाँग टर्म' वेगवेगळं लिहा, पण नामाच्या आधी विशेषण म्हणून आलं की जोडून, 'लाँग-टर्म लोन'.

आणि 'इन टर्म्स ऑफ' दिसलं, तर तिथे मुदत शोधू नका. त्याचा अर्थ 'च्या बाबतीत' इतकाच, काळाशी त्याचा संबंध नाही.